पहिला कथासंग्रह राष्ट्रीय पुरस्काराला पाठवताना: गोव्यातल्या मराठी लेखकांसाठी

१. तिस्क_फोंडा

दिवाळी अंक हातात पडले की दरवर्षी तोच प्रश्न येतो. कथा दहा-बारा जमल्या, आता संग्रह काढून राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचा तर काय करायचं? एकाच जागी उत्तरं असावीत म्हणून हा धागा. ज्याला जे नक्की माहीत आहे तेवढंच लिहा.

सुरुवात मी करतो. फक्त पहिल्या कथासंग्रहासाठी राखलेला पुरस्कार काही देशांत आहे. कॅनडात डॅन्यूटा ग्लीड पुरस्कार आहे. तो तिथली लेखक संघटना चालवते, इंग्रजीतल्या पहिल्या कथासंग्रहाला देते आणि रक्कम १०,००० कॅनेडियन डॉलर. अमेरिकेत पेन या लेखकांच्या संस्थेचा रॉबर्ट बिंगहॅम पुरस्कार, २५,००० डॉलर. आपल्याकडे राष्ट्रीय पातळीवर मराठी लेखकाला सगळ्यात जवळचा म्हणजे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार. २०११ पासून, २४ भाषांत, ५०,००० रुपये आणि ताम्रपट. पण तो कथेसाठी राखलेला नाही. कविता, कादंबरी, ललित सगळं एकाच टोपलीत, आणि तुमचा संग्रह त्या सगळ्यांशी झुंजणार. महाराष्ट्र शासनाच्या राज्य वाङ्मय पुरस्कारांत मात्र प्रथम प्रकाशन असा वेगळा गट आहे, आणि त्यात लघुकथेला ग. ल. ठोकळ यांच्या नावाचा पुरस्कार. तो राज्याचा आहे, राष्ट्रीय नव्हे. गोव्यात राहून पाठवणाऱ्यांनी त्या वर्षीची नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचावी.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक बाद होतं ते कॉपीराइटच्या पानावर, आणि मागे पडतं ते पहिल्या दोन कथांत. बाकी सगळं दुय्यम.

२. माटोळी

तिस्कबाब, "पहिला" म्हणजे नेमकं काय ते आधी स्पष्ट करूया. तिथेच सगळे अडखळतात. लेखकाचं पहिलं पुस्तक आणि लेखकाचा पहिला कथासंग्रह या दोन वेगळ्या गोष्टी. कवितासंग्रह आधी आला असेल तर पहिल्या अटीत तुम्ही बाद, दुसरीत चालता. वर दिलेले परदेशी पुरस्कार दुसऱ्या प्रकारचे.

तिसरी भानगड ई-पुस्तकाची. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेऊन सहा कथांचं ई-पुस्तक विक्रीला लावलं असेल तर तो तुमचा पहिला संग्रह झाला, मग तो अकरा जणांनी वाचलेला असो. शाळेच्या पन्नाशीला काढलेली स्टेपल मारलेली पुस्तिका सहसा धरत नाहीत, पण तिच्यावर आयएसबीएन असेल तर तीही धरली जाऊ शकते. शंका असली तर अर्ज करण्याआधी आयोजकांना लेखी विचारा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.

युवा पुरस्काराला "पहिलं पुस्तक" ही अटच नाही, अट वयाची आहे. पुरस्काराच्या वर्षी १ जानेवारीला वय ३५ किंवा त्याखाली. ३६ वा वाढदिवस २ जानेवारीला असेल तरी चालतं. अनुवादित पुस्तक चालत नाही.

३. खाजनकर

कॉपीराइटच्या पानाबद्दल सविस्तर लिहितो, कारण ते पान लेखक बघतच नाहीत. प्रकाशकाच्या जुन्या पुस्तकातलं पान उचलून नाव बदलायचं, अशी सरसकट रीत आहे.

त्या पानावर हवं ते असं: पुस्तकाचं नाव आणि "कथासंग्रह" हा शब्द, लेखकाचं नाव, हक्क कोणाचे, प्रथमावृत्तीचा महिना आणि वर्ष, प्रकाशकाचं नाव-पत्ता, मुद्रक, मुखपृष्ठकार, किंमत, आयएसबीएन. कथा आधी अंकांत आल्या असतील तर त्या अंकांची नावं आणि वर्षं एका परिच्छेदात द्या.

जास्तीत जास्त घोळ वर्षाचा होतो. पुस्तक डिसेंबरमध्ये छापून येतं, प्रकाशन समारंभ जानेवारीत असतो, म्हणून प्रकाशक पानावर जानेवारी टाकतो. किंवा उलटं, आत डिसेंबर आणि मलपृष्ठावर पुढचं वर्ष. पुरस्काराचा काळ "१ जानेवारी ते ३१ डिसेंबर" असा असला तर छाननी करणारा माणूस पानावरचं वर्ष बघतो, तुमच्या समारंभाचा फोटो बघत नाही. म्हणून आधी ठरवा की पुस्तक कोणत्या वर्षाच्या स्पर्धेला जाणार, आणि मग महिना छापा. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं पुस्तक थोडं थांबवून जानेवारीत आणलं तर पाठवायला हातात पूर्ण वर्ष मिळतं. पण मग खरंच जानेवारीत छापा, नुसता महिना बदलू नका. मुद्रकाचं बिल वेगळंच सांगत असतं.

आयएसबीएन नवी दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मिळतो, अर्ज ऑनलाइन, फी नाही. स्वतः पुस्तक काढणारा लेखकही अर्ज करू शकतो. कुणी त्यासाठी पैसे मागत असेल तर तो अर्ज भरून देण्याची मजुरी मागतोय, नंबराची किंमत नव्हे. पुठ्ठा बांधणी, कागदी बांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे नंबर लागतात. नंबर ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो आणि शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. पहिल्या १२ आकड्यांना ओळीने १, ३, १, ३ असं गुणा आणि बेरीज करा. पुढच्या दहाच्या पटीला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. बेरीज ११७ आली तर ३, १२० आली तर ०. दोन मिनिटांचं काम आहे, आणि टायपिंगमध्ये एक आकडा चुकला असेल तर इथेच सापडतो. बारकोडखालचा नंबर आणि आतला नंबर एकच आहे ना, तेही जुळवा. मुखपृष्ठ एकाने केलेलं असतं, आतली पानं दुसऱ्याने.

४. सांतइनेज_वाचक

नावाचं राहिलं. गोव्यात हा हमखास घोळ. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, "पोरोब", आधारवर "परब", पुस्तकावर टोपणनाव. अर्जात नावाचे तीन रकाने नसतात. कायदेशीर नाव अर्जात लिहा, टोपणनाव त्यापुढे "या नावाने लेखन" असं, आणि बँक खात्यावर जे नाव आहे तेच रकमेसाठी द्या. दाखला आणि आधार यांत फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी करून ठेवा. शेवटच्या दिवशी नोटरी शोधत फिरायला नको.

५. प्रूफवाला

आता मुद्रितशोधन. लिपीपासून सुरुवात करतो, कारण निम्म्या चुका लेखकाच्या नसतातच. कथा जुन्या फाँटमध्ये टाईप झालेल्या, छापणाऱ्याने त्या युनिकोडमध्ये फिरवल्या, आणि फिरवताना ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर गेली, रफार सरकला, अर्धा ऱ गळाला.

हा अर्धा ऱ गोव्याच्या लेखकांना फार महाग पडतो. "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या, आणि "दर्या" म्हणजे समुद्र. सत्तरी तालुक्यातल्या कथेत "दोन दऱ्यांच्या मधून वाट" असते आणि छापून येतं "दोन दर्यांच्या मधून वाट". शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीला दोन्ही शब्द बरोबरच वाटतात. पुण्याचा परीक्षक मनात म्हणतो, गोव्याचाच लेखक आहे, लिहिलं असेल समुद्राबद्दल काहीतरी! तांत्रिक कारण असं की हे अक्षर दोन प्रकारे टाईप होतं. एकात खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह. फाईल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात गेली की ते अदृश्य चिन्ह गळतं. उपाय म्हणजे संपूर्ण फाईलमध्ये पहिला प्रकार करून घ्यायचा. मग "र्य" शोधायचं आणि प्रत्येक जागा डोळ्यांनी बघायची. साधारण दीडशे पानांत शंभरेक जागा निघतील, तासाभराचं काम.

प्रूफं तीन वेळा वाचा. पहिलं वाचन अर्थासाठी. दुसरं शुद्धलेखनासाठी, शेवटच्या कथेपासून उलटं, म्हणजे गोष्टीत वाहून जाणार नाही. तिसरं फक्त माणसांची नावं, गावांची नावं आणि पानांचे आकडे. कथेत पान २३ वर "सुशिला" आणि पान ३१ वर "सुशीला" हे नेहमीचंच. अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी भरा. एक परिच्छेद कापला की पुढच्या सगळ्या कथांची पानं सरकतात आणि अनुक्रमणिका जुनीच राहते. परीक्षक तिथूनच पुस्तक उघडतो.

६. माटोळी

प्रूफवाले दादा, कोकणी संवादांचं काय? १९६२ च्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि मराठी मुद्रितशोधक त्याच सवयीने कोकणी संवादांतलेही अनुस्वार उडवतात.

७. प्रूफवाला

बरोबर पकडलंत, ताई. कोकणीत तो अनुस्वार अर्थाचा आहे. उदाहरण घ्या:

"खंय वता?"
"घरा वतां."

पहिल्यात तू किंवा तो जातो, दुसऱ्यात मी जातो. टिंब काढलं की दुसरी ओळ "घरी जातो" अशी तिसऱ्याच कुणाबद्दलची होते. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा यांतला संबंधच तुटतो. म्हणून मुद्रितशोधकाला आधीच एक कागद द्या: अवतरणचिन्हातलं कोकणी जसंच्या तसं, हात लावू नये. शिवाय कोकणी वाचणाऱ्या एका माणसाकडून फक्त संवाद तपासून घ्या. चाळीस-पन्नास ओळी असतात, चहा होईपर्यंत होतात.

संवाद तिरपे करू नका. देवनागरी तिरपी केली की वेलांट्या आणि मात्रा एकमेकींवर चढतात आणि बारीक फाँटात टिंब दिसेनासं होतं, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा.

८. दोन_खांब

निवेदन मराठी आणि संवाद कोकणी असं पुस्तक मराठीतच धरलं जातं. अकादमी दोन्ही भाषांना वेगवेगळा पुरस्कार देते, लेखक कुठे राहतो याने भाषा ठरत नाही. पण परीक्षक नागपूरचा किंवा लातूरचा असू शकतो हे डोक्यात ठेवा.

साधी गोष्ट बघा. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीत, बांधाला जे झडपांचं दार असतं त्याला आपण मानस म्हणतो. भरतीला दार आपोआप मिटतं, ओहोटीला उघडतं, खारं पाणी शेतात येत नाही. आता कथेचं पहिलं वाक्य असं असेल:

"त्या रात्री मानस फुटलं आणि आबा उठून बसला."

गोव्याबाहेरच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे आबाचं मन फुटतं. पुढची दोन पानं तो मानसशास्त्रीय कथा वाचत राहतो, आणि शेतात खारं पाणी शिरल्यावर गोंधळतो. तळटीप टाकू नका, वाक्य सुधारा:

"त्या रात्री बांधाचं मानस फुटलं, आणि पाण्याच्या आवाजानं आबा उठून बसला."

"बांधाचं" या एका शब्दाने आणि पाण्याच्या आवाजाने काम होतं, समजावून सांगावं लागत नाही. शेवटी शब्दसूची द्यायची असेल तर पंचवीस-तीस शब्दांची, एका पानात मावेल एवढी. पोदेर (पाववाला), माटोळी (गणपतीवर टांगतात ती फळापानांची सजावट) यांसारखे शब्द संदर्भाने कळत असतील तर सूचीत घेऊच नका. सूची वाढली की कथा पर्यटकांसाठी लिहिल्यासारखी दिसते.

९. तिस्क_फोंडा

खांबदादा, कथांची निवड आणि क्रम यावरही लिहा ना.

१०. दोन_खांब

लिहितो. दहा ते बारा कथा, एकूण तीस ते पस्तीस हजार शब्द, एवढ्यात संग्रह भरतो. चौदा कथा असतील तर तीन काढा. कोणत्या काढायच्या हे ठरवायला एक रूक्ष पण खात्रीचा उपाय आहे. एका कागदावर प्रत्येक कथेचे पाच रकाने करा: निवेदक कोण, काळ किती, पहिलं वाक्य, शेवटचं वाक्य, गोष्टीत काय बदलतं. सगळ्या कथा शेजारी-शेजारी आल्या की पुनरावृत्ती उघडी पडते. पाच कथा कुणीतरी पावसाकडे बघत असताना संपतात, तीन कथांत मुंबईहून परतलेला मुलगा, चार कथांत आजी वारलेली. गोव्याच्या संग्रहात चर्चची घंटा, फेणी आणि जून महिना यांची वेगळी मोजदाद करा. हसू नका, करून बघा.

शब्दांचंही तसंच. "क्षणभर", "उगाचच", "जणू", "कुठेतरी" हे चार शब्द पूर्ण फाईलमध्ये शोधा. अंकात एकटी छापलेली कथा हे शब्द लपवते, संग्रह लपवत नाही. "क्षणभर" साठ वेळा आला असेल तर पंचेचाळीस ठिकाणी तो नुसता काढला तरी वाक्याचं काही बिघडत नाही.

क्रम लावताना सगळ्यात घट्ट कथा पहिली. सगळ्यात लांब कथा पहिली नको, कारण वाचकाला अजून तुमच्यावर विश्वास बसलेला नसतो. दुसरी कथा पहिलीपेक्षा वेगळ्या निवेदकाची घ्या, म्हणजे आवाका दिसतो. कच्ची पण ठेवायचीच असलेली कथा मध्याच्या थोडी पुढे. शीर्षककथा शेवटी.

११. म्हापसा_शुक्रवार

शीर्षककथा शेवटी हे पटत नाही. पुस्तकाचं नाव वाचून वाचक तीच कथा आधी उघडतो, मग ती कुठेही असो. क्रम फक्त सरळ वाचणाऱ्यासाठी असतो. परीक्षकाकडे गठ्ठा असतो, तो पहिली कथा, शीर्षककथा आणि मधलं एखादं पान बघतो, मग ठरवतो की उरलेलं आज वाचायचं की उद्या. म्हणून माझ्या मते शीर्षककथाच पहिली ठेवावी, किंवा पुस्तकाला कुठल्याच कथेचं नाव देऊ नये.

आणि प्रस्तावना नको. ज्येष्ठांची बारा पानी प्रस्तावना सगळ्या कथांचे शेवट आधीच सांगून टाकते. मनोगत अर्धं पान. मलपृष्ठावर शंभर शब्द, त्यात "मानवी मनाचे कंगोरे" असलं काही आलं तर लेखकाला दंड लावावा.

१२. दोन_खांब

कंगोऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. शीर्षककथेबद्दल नाही. शेवटची कथा वाचून पुस्तक मिटताना मुखपृष्ठावरचं नाव पुन्हा दिसतं, तेव्हा त्याचा अर्थ बदललेला असावा. पण हे चवीचं आहे, तुमचं पुस्तक तुम्ही तुमच्या क्रमाने लावा.

१३. बांदोडकर_मार्ग_७

हक्कांविषयी थोडक्यात. प्रताधिकार कायदा १९५७. कथा अंकाला दिली म्हणून हक्क अंकाचा होत नाही. हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असावं लागतं, म्हणून संग्रहात घ्यायला सहसा अडचण नसते. तरी संपादकांना एक ओळ लिहून कळवण्याची रीत आहे, ती पाळा.

प्रकाशकाच्या करारात तीन गोष्टी बघा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत. करारात वेगळं काही नसेल आणि प्रकाशकाने दिलेला हक्क एका वर्षात वापरलाच नाही तर तो हक्क संपुष्टात येतो. म्हणूनच अनेक छापील करारांत "प्रताधिकाराच्या संपूर्ण मुदतीसाठी" असं बारीक अक्षरात असतं. ती मुदत म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं. तिथे रेघ मारून "पाच वर्षे, फक्त छापील मराठी आवृत्ती" लिहायला सांगा. अनुवाद आणि चित्रपटाचे हक्क स्वतःकडे ठेवा.

पुरस्काराला प्रती कुणी पाठवायच्या, खर्च कुणाचा, हेही करारातच लिहा. "पाठवू हो" म्हणणारे प्रकाशक शेवटच्या तारखेला फोन उचलत नाहीत.

१४. खाजनकर

त्याला जोडून. १९५४ च्या ग्रंथ वितरण कायद्याने प्रकाशकाने प्रकाशनापासून ३० दिवसांत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना एकेक, अशा चार प्रती स्वखर्चाने द्यायच्या असतात. स्वतः काढलं असेल तर प्रकाशक तुम्हीच. पोच जपून ठेवा, पुस्तक कधी आलं याचा तो बिनतोड पुरावा असतो. पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयालाही एक प्रत द्या. ते १८३२ पासूनचं आहे, तिथे तुमचं पुस्तक तुमच्यापेक्षा जास्त टिकेल.

१५. छापखाना_कुंडई

छपाईचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

डेमी आकार, साडेआठ बाय साडेपाच इंच. १३ पॉइंट अक्षरात पानाला साधारण २३० शब्द बसतात. सुरुवातीची आठ पानं शीर्षक, कॉपीराइट, अर्पण, अनुक्रम यांत जातात. फर्मा, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा, १६ पानांचा, म्हणून १४४, १६०, १७६ असे आकडे धरा. १६० म्हणजे दहा फर्मे. १६१ वं पान आलं की किमान अर्धा फर्मा वाढतो आणि शेवटी कोरी पानं उरतात. त्यापेक्षा एका कथेतल्या दोन ओळी कापा. शेवटच्या पानावर तीनच ओळी आल्या असतील तर त्या तशाही कापायलाच हव्यात.

कागद ७० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) मॅपलिथो, पांढराशुभ्र नको, पिवळसर घ्या, डोळ्याला बरा. कव्हर ३०० जीएसएम, मॅट लॅमिनेशन. १६० पानं म्हणजे ८० पत्रे, कणा आठ मिलिमीटरच्या आसपास. पण कव्हर करणाऱ्याला अंदाजाने सांगू नका. त्याच कागदाचे ८० कोरे पत्रे दाबून मोजा. कणा दोन मिलिमीटर चुकला तर पुस्तकाचं नाव कण्यावरून घसरून पुढच्या बाजूला येतं.

कागदाची वीण, म्हणजे तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे का ते मुद्रकाला विचारा. आडवी असेल तर गोव्याच्या दमट हवेत कागद फुगतो तेव्हा पानं कण्याजवळ लाटांसारखी होतात आणि पुस्तक नीट मिटत नाही. कागदाचा तुकडा एका बाजूने पाण्याने ओला करा, तो ज्या दिशेला गुंडाळला जातो त्याला काटकोनात वीण. नुसती गोंदाची बांधणी केली तर गोंद थंड झाल्यावर कडक होतो आणि परीक्षकाने पुस्तक पूर्ण उलगडून ठेवलं की मधली पानं सुटतात. शिलाई करून मग गोंद लावला तर खर्च वाढतो, पण पुस्तक सपाट उघडतं. किमान पुरस्काराच्या प्रती तरी शिवून घ्या.

पाचशेच्या खाली प्रती हव्या असतील तर डिजिटल परवडतं, त्याच्या वर ऑफसेट बघा. डिजिटलमध्ये काळा रंग किंचित चमकतो. एक नमुना प्रत हातात घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

१६. सांतइनेज_वाचक

पाठवतानाचं. शेवटची तारीख "पोचण्याची" आहे की "टपालाच्या शिक्क्याची", हे आधी वाचा. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, त्यामुळे स्पीड पोस्ट करा आणि पावतीवरचा नंबर अर्जाच्या प्रतीवर लिहून ठेवा. पावसाळ्यात पुस्तकं आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत सील करा, मग पुठ्ठा, मग पाकीट. नुसत्या खाकी पाकिटातून गेलेल्या पुस्तकाचे कोपरे दुमडतात आणि तळ ओला होतो. प्रतीवर स्वाक्षरी, "सप्रेम भेट", भेटकार्ड यातलं काहीही नको. काही पुरस्कारांत ते परीक्षकावर दबाव मानतात.

१७. माटोळी

आणि अर्जातली "पृष्ठसंख्या" म्हणजे शेवटच्या छापील पानाचा आकडा की सुरुवातीची आठ धरून एकूण? अर्जात १५२ आणि पुस्तकात १६० असलं की छाननीवाले फोन करतात.

१८. छापखाना_कुंडई

आठ पानांना वेगळे आकडे देऊच नका. अर्धशीर्षक, म्हणजे नुसतं पुस्तकाचं नाव असलेलं पहिलं पान, हे पान १ धरा, तिथे आकडा छापू नका, पण मोजा. पहिली कथा पान ९ वर सुरू होईल, शेवटचं पान १६० येईल, आणि अर्जातही १६०.

१९. माटोळी

कळलं. म्हणजे अनुक्रमणिकेत पहिल्या कथेपुढे ९. खूप जणांच्या पुस्तकात तिथे १ असतो.